चंचीवाले आजोबा आणि नातवाची पुडी

तंबाखूमुक्तीच्या शिबिरात डॉक्टरांचं बोलणं संपत आलं की मागच्या रांगेतून एक आवाज हमखास येतो. "आमचा आजा नव्वदीचा होऊन गेला. शेवटपर्यंत कमरेला चंची होती. त्याला काय झालं?" लोक हसतात, डॉक्टरही हसतात आणि विषय बदलतात. हे विषय बदलणं मला पटत नाही. प्रश्न चांगला आहे. तंबाखू खाणाऱ्या बहुतेकांना तोंडाचा कर्करोग होत नाही ही गोष्ट खरी आहे आणि विचारणाऱ्याने ती डोळ्यांनी पाहिलेली आहे. त्याला खोटं पाडायला गेलं की तो पुढचं काही ऐकत नाही. मग एकाच पारावर बसून एकाच डबीतला चुना लावणाऱ्या दोघांपैकी एकाला रोग होतो आणि दुसरा सुटतो, ते कशामुळे? रक्तातच काही असतं का?

असतं. पण ते किती असतं आणि कधी कामाला येतं, याच्या हिशोबात बहुतेकांची गल्लत होते.

आधी साधा हिशोब मांडू. भारतात पुरुषांमध्ये तोंडाच्या कर्करोगाचं प्रमाण दरवर्षी लाखामागे पंधराच्या आसपास आहे. यात खाणारे आणि न खाणारे सगळे आले. समजा, रोज तंबाखू खाणाऱ्यांत ते लाखामागे शंभर धरलं, तरी एका वर्षात ९९,९०० जण सुटतात. हेच तीस वर्षं चाललं तर शंभरातले तीन जण सापडतील आणि सत्त्याण्णव सुटतील. म्हणजे प्रत्येक गावात सुटलेले आजोबा भरपूर सापडणार, त्यासाठी खास रक्त असायची गरज नाही. पण तेच तीन टक्के देशभरातल्या खाणाऱ्यांना लावले की आकडा अंगावर येतो. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात तोंडाच्या कर्करोगाचे १ लाख ४३ हजारांहून अधिक नवे रुग्ण होते आणि साऱ्या जगात मिळून चार लाखांच्या थोडे आत. जगातल्या दर तीन रुग्णांमागे एकाहून जास्त आपला. भारतीय पुरुषांच्या कर्करोगांत याचा क्रमांक पहिला आहे.

हा रोग भारतीयांच्या रक्तातच आहे की काय, अशी शंका इथे कुणालाही येईल. तिचं उत्तर परळच्या टाटा रुग्णालयाने जवळपास स्थापनेबरोबरच शोधायला घेतलं. रुग्णालय सुरू झालं १९४१ मध्ये. तिथले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ मध्ये मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या सलग एक हजार रुग्णांचा आढावा छापला. पुढच्याच वर्षी सूर्याबाई यांच्यासह त्यांनी सवयी आणि कर्करोग यांच्या नात्यावर निबंध लिहिला. खालच्या ओठामागे खैनीची चिमूट धरणाऱ्याच्या ओठाला कर्करोग होतो, कमरेला धोतर आवळून बांधणाऱ्याच्या कमरेच्या कातडीला होतो, अशी ती नोंद होती. आंध्रच्या श्रीकाकुळम भागात बायका चुट्ट्याचं, म्हणजे तिथल्या जाड गावठी विडीचं, पेटलेलं टोक तोंडात धरून ओढतात. तिथे रोग टाळूला होतो, जिथे एरवी तो क्वचितच दिसतो. आपल्याकडे तंबाखूचा बार गाल आणि खालची हिरडी यांच्या खोबणीत ठेवतात, तर आपल्याकडचा रोगही तिथलाच. पाश्चात्त्य देशांत सिगारेट आणि दारू यांचा मारा जिभेवर आणि जिभेखालच्या भागावर होतो, तर त्यांचा कर्करोग तिथे. रक्त तर सगळ्या तोंडात सारखंच फिरतं. रोगाने जागा निवडली ती सवय पाहून.

पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंत संशोधन विभागातले डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडं तपासली आणि १९७२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या काळात, त्या रस्त्यांवरून, घरोघरी जाऊन लाखभर माणसांना 'आ करा' म्हणायचं, या कामाची आठवण महाराष्ट्राने फारशी ठेवलेली नाही. सवय आणि रोग यांचं नातं अशा कामांतून पक्कं झालं. जनुकांचा प्रश्न त्यानंतरचा आहे. कारण माहीत झाल्यावर उरतं ते 'मग सगळ्यांना का नाही?'

त्यासाठी चिमटीतल्या तंबाखूकडे जरा जवळून पाहावं लागेल. हिरव्या पानात घातक द्रव्यं फारशी नसतात. पान वाळवताना, मुरवताना, साठवताना निकोटीन आणि त्याच्या भाईबंदांवर प्रक्रिया होऊन नायट्रोसअमाइन नावाची संयुगं तयार होतात. त्यातली दोन, एनएनएन आणि एनएनके, सगळ्यात बदनाम. तळहातावर तंबाखू घेतली, नखाएवढा चुना लावला, अंगठ्याने मळली, दोन थापा मारून धूळ उडवली आणि बार भरला की चुन्याच्या क्षारतेमुळे निकोटीन मोकळं होतं आणि गालाच्या अस्तरातून भराभर रक्तात जातं. तरतरी येते ती त्यामुळे. क्षारामुळे अस्तरही सोलवटतं आणि बाकीच्या मंडळींना आत शिरायला वाट मिळते.

गंमत अशी की ही नायट्रोसअमाइन जशीच्या तशी पेशीला फारसं काही करत नाहीत. त्यांना घातक बनवतं ते आपलंच शरीर. बाहेरचं द्रव्य काढून टाकायचं तर आधी ते पाण्यात विरघळेल असं करावं लागतं आणि त्यासाठी यकृतातली, काही प्रमाणात तोंडाच्या अस्तरातलीही, विकरं त्याची मोडतोड करतात. या मोडतोडीत मधला एक टप्पा असा येतो की ते संयुग अतिशय चळवळं होतं आणि डीएनएला चिकटतं. दुसऱ्या फळीतली विकरं ते उचलून बाहेर नेतात. दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरचं सगळं सामान आधी ओसरीवर काढतात तसं हे आहे: काढणारे चपळ आणि नेणारे सुस्त असले, तर ओसरीतून चालता येत नाही आणि कुणीतरी ठेचकाळतं.

काढणारे म्हणजे 'सिप' कुळातली विकरं, नेणारे म्हणजे 'जीएसटी' कुळातली. त्यांची जनुकं प्रत्येकात थोडी वेगळी असतात आणि आपल्या विषयातला पहिला मोठा धागा हाच. जीएसटीएम-१ या जनुकाची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. काही माणसांत हे जनुक बिघडलेलं नसतं, ते मुळात नसतंच. आईकडून आलेल्या गुणसूत्रावरही नाही आणि वडिलांकडून आलेल्यावरही नाही. युरोपीय वंशाच्या लोकांत जवळपास निम्मे असे, भारतीयांत साधारण पाव ते तिसरा हिस्सा. या माणसांना त्याचा पत्ताही नसतो, कारण शरीराची बाकी विकरं काम भागवून नेतात. पण रोज तंबाखूचा रतीब चालू असेल तर सफाईतली ही उणीव जाणवत असणार, असं अनुमान होतं आणि १९९० नंतर जगभर त्यावर अभ्यासांचा पाऊस पडला. मुंबईतही या जनुकांवर काम झालं आणि तंबाखू खाणाऱ्यांत जीएसटीएम-१ नसलेल्यांचा धोका वाढलेला दिसला.

आपल्याकडच्या मशेरीमुळे या गोष्टीला आणखी एक पदर आहे. मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू, मग कुटून केलेली पूड. कोकणात, देशावर, गोव्यात कितीतरी बायका सकाळी दात घासायच्या नावाखाली ती हिरडीला लावतात आणि दिवसातून चार वेळा दात घासतात. पान भाजलं की त्यात धुरासारखीच बहुवलयी कर्बयुक्त द्रव्यं तयार होतात. म्हणजे न ओढताही विडीतली काही विषं तोंडात येतात. या द्रव्यांना चळवळं करणारं विकर वेगळं, सिप-१ए-१. त्याचेही जलद आणि संथ प्रकार असतात. तेव्हा कुणाचं कुठलं जनुक महत्त्वाचं ठरेल, हे ती व्यक्ती काय खाते यावर अवलंबून आहे. नुसती जनुकांची यादी वाचून काही कळत नाही.

या पहिल्या पिढीतल्या अभ्यासांवर मात्र फार विसंबू नये, असं माझं मत आहे. शंभर-दीडशे रुग्ण, तितकेच निरोगी लोक, एक-दोन जनुकं. निकाल जुळला की छापून येतो, न जुळला तर कपाटात राहतो. एका शहरात धोका दुप्पट निघतो आणि दुसऱ्या शहरात काहीच निघत नाही. भारतात तर आणखी एक खोच आहे. टाटा रुग्णालयाच्या दारात बिहारचा, बंगालचा, उत्तर प्रदेशाचा, ईशान्येचा माणूस उभा असतो. त्याच्याशी तुलनेला निरोगी लोक कुठले घेतले? मुंबईतले, बहुधा रुग्णासोबत आलेले किंवा रक्तदानाला आलेले. आपल्याकडे शतकानुशतकं जातीतल्या जातीत लग्नं झाली, त्यामुळे एखाद्या जनुकाचा प्रकार एका समाजात सर्रास आणि शेजारच्या समाजात विरळ असू शकतो. रुग्णांत एका समाजाचे लोक जास्त आणि निरोगी गटात दुसऱ्याचे जास्त असले, तर दोन समाजांतला साधा फरक रोगाचं कारण म्हणून समोर येतो. जनुकाचा काही दोष नसताना त्याच्यावर आळ.

म्हणून कामाची पद्धतच बदलली. आधी जनुक निवडून मग त्याचा गुन्हा शोधायचा, हे सोडून हजारो माणसांच्या सगळ्या गुणसूत्रांवरच्या लाखो जागा एकदम तपासायच्या आणि वंशातले फरक गणिताने बाजूला काढायचे. लाखो जागा तपासल्या तर योगायोगानेही काही जुळणारच, म्हणून पुराव्याची अटही फार कडक ठेवतात. २०१६ मध्ये युरोप आणि दोन्ही अमेरिका खंडांतले सहा हजारांवर रुग्ण आणि साडेसहा हजार निरोगी लोक घेऊन तोंड व घशाच्या कर्करोगाचा असा अभ्यास प्रसिद्ध झाला. जनुकसंचातल्या आठ जागा हाती लागल्या. त्यांत ज्या जीएसटीएम-१ वर शेकडो निबंध लिहिले गेले होते, त्याचं नावही नव्हतं.

या आठांपैकी एक जागा चौथ्या गुणसूत्रावर, दारू पचवणाऱ्या जनुकांजवळ आहे. हिची हकीकत सविस्तर सांगायला हवी, कारण जनुक आणि सवय यांचं नातं इतकं स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसतं. दारू पोटात गेली की आधी तिचं अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं, मग त्याचं निरुपद्रवी अ‍ॅसिटेट. मधलं अ‍ॅसिटाल्डिहाइड म्हणजे डीएनएचा वैरी. पहिल्या पायरीवरच्या जनुकाचा एक जलद प्रकार आहे, तो असलेली माणसं दारू कमी पितात आणि त्यांना या रोगाचा धोकाही कमी दिसतो. दुसऱ्या पायरीवरचं जनुक म्हणजे एएलडीएच-२. जपान, चीन, तैवान, कोरिया या भागांतल्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक लोकांत त्याचा मंद प्रकार असतो. दोन घोट घेतले की त्यांचा चेहरा लाल होतो, छाती धडधडते, मळमळतं. दोन्हीकडून हा प्रकार आलेल्या माणसाला दारू सोसतच नाही, तो पेल्याला शिवत नाही आणि त्यामुळे बचावतो. मरण असतं ते एकीकडूनच आलेल्याचं. त्याला त्रास होतो, पण मित्रांच्या आग्रहाखातर तो सोसायला शिकतो, आणि मग त्याच्या अन्ननलिकेच्या आणि तोंड-घशाच्या कर्करोगाचा धोका बेसुमार वाढतो. याच जनुकाचा न पिणारा माणूस मात्र सुखात असतो. म्हणजे जनुक तेच, आणि ते जीव घेणार की गप्प बसणार, हे पेल्यावर ठरतं. भारतीयांत हा मंद प्रकार फार विरळ आहे, तेव्हा चेहरा लाल होत नाही म्हणून आपल्याला दारू मानवते असा अर्थ कुणी काढू नये.

दुसरी महत्त्वाची जागा पाचव्या गुणसूत्रावर टर्ट नावाच्या जनुकाजवळ आहे. गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमिअर असतात, पेशी दुभंगताना ती दर वेळी थोडी झिजतात आणि झिजता झिजता पेशीला थांबायला लावतात. टर्ट ती टोकं पुन्हा बांधायचं काम करतं. तोंडाचं अस्तर सतत झिजणारं आणि भरून येणारं. तिथे पेशींनी कधी थांबायचं हे महत्त्वाचं असणारच. २०१६ च्या त्या अभ्यासात भारत नव्हता. पुढे टाटा मेमोरियल केंद्राच्या संशोधकांनी गालाच्या अस्तराच्या कर्करोगाचे दोन हजारांवर भारतीय रुग्ण घेऊन हेच काम इथे केलं, तेव्हा पाचव्या गुणसूत्रावरची ही जागा इथेही सापडली. सवयी निराळ्या, वंश निराळे, तरी एक दुवा सामाईक निघाला. उलट काही दुवे इथलेच असतील, जे युरोपीय रुग्णांत कितीही शोधले तरी दिसणार नाहीत. आपल्या लोकांवरचं संशोधन आपणच करायला हवं, ते यासाठी.

आता या जागांचं वजन किती? एकेका प्रकारामुळे धोका साधारण दहा-वीस टक्क्यांनी, फार तर तीस-चाळीस टक्क्यांनी इकडे-तिकडे होतो. त्याच्याशेजारी सवयीचा आकडा ठेवा. भारतीय उपखंडातले अभ्यास एकत्र केले तर तंबाखू घातलेलं पान खाणाऱ्याचा धोका न खाणाऱ्याच्या सात-आठ पट निघतो, आणि तंबाखूशिवाय नुसत्या सुपारीच्या पानाचाही अडीच पट. ज्याला आपल्या रक्तावर भरवसा आहे, त्याच्यासाठी गुणाकार करून पाहू. समजा त्याची जनुकं खरोखरच चांगली, सरासरीपेक्षा वीस टक्क्यांनी कमी धोक्याची. तर आठ पटींऐवजी त्याचा धोका झाला सहा पटींच्या वर. उत्तम कुळातला माणूसही इथे सहापटीत.

घराण्याचा प्रश्न लोक हमखास विचारतात: वडिलांना झाला, मला होईल का? डोकं आणि मान या भागातल्या कर्करोगांवर जगभरातले बारा अभ्यास एकत्र करून २००९ मध्ये उत्तर काढलं गेलं. आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला असा कर्करोग झाला असेल तर धोका १.७ पट. तसा इतिहास असून वर दारू आणि तंबाखू दोन्ही असतील तर ७.२ पट. त्यात न मोजता येणारी आणखी एक भर असते: मुलगा बापाकडून जनुकं घेतो तशी चुन्याची डबीही घेतो. बारा वर्षांच्या पोराला 'जा, पुडी घेऊन ये' म्हणून पिटाळणारं घर आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

मात्र काही थोड्या घरांत जनुकच मुख्य कारण असतं. फॅन्कोनी अ‍ॅनिमिया नावाच्या आजारात डीएनएच्या दोन धाग्यांमध्ये पडलेली गाठ सोडवणारी यंत्रणाच बिघडलेली असते. अशा मुलांना रक्ताचे आजार होतातच, पण जगली-वाचली तर पुढे तोंडाच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या शेकडो पट असतो, आणि तोही ऐन तारुण्यात, तंबाखूला हात न लावता. टेलोमिअरची देखभाल बिघडवणारा डिस्केराटोसिस कन्जेनिटा हाही असाच विरळा आजार; त्यात लहान वयातच तोंडात पांढरे चट्टे येतात, नखं खराब होतात. पंचविशीतल्या, व्यसन नसलेल्या रुग्णाला असा कर्करोग दिसला तर डॉक्टरांनी या दिशेने विचार करायला हवा. बाकी लाखोंच्या बाबतीत हे आजार नसतात.

इथवर आपण जन्माला येताना मिळालेल्या जनुकांबद्दल बोललो. कर्करोगाच्या गाठीत जे जनुकीय बदल सापडतात ते बहुतेक नंतरचे, कमावलेले असतात, आणि या दोन्हींची वर्तमानपत्रांत सारखी सरमिसळ होते. खारघरचं टाटा मेमोरियलचं संशोधन केंद्र ॲक्ट्रेक आणि पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्था यांनी मिळून गाल-हिरडीच्या कर्करोगाच्या ११० भारतीय रुग्णांच्या गाठी वाचल्या आणि २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पी-५३, फॅट-१, कॅस्पेस-८, एच-रास, नॉच-१ अशी नावं त्यात पुन्हा पुन्हा आली. काही या कर्करोगात पूर्वी न दिसलेलीही आली. पण मला सगळ्यात बोलकं वाटतं ते वेगळंच. गाठीतल्या हजारो बदलांची नक्षी तपासली की ते कशामुळे झाले याचा माग लागतो. उन्हाची नक्षी वेगळी, विडी-सिगारेटची वेगळी. जगभरातल्या कर्करोगांच्या अशा नक्ष्यांना क्रमांक दिलेले आहेत आणि त्यातल्या एकोणतिसाव्या नक्षीपुढे कारण लिहिलं आहे: तंबाखू चघळण्याची सवय. ती सापडली आपल्याच गाल-हिरडीच्या गाठींत. आयुष्यभर चघळलेल्या तंबाखूची सही पेशीच्या डीएनएवर उमटलेली असते, आणि ती वाचता येते.

बदल असे साठत जातात, म्हणून वयही मोजावं लागतं. पूर्वी पन्नाशीच्या आत देवीने, क्षयाने, पटकीने माणसं जायची, त्यांच्या तोंडात पुढे काय झालं असतं ते कळायला वावच नव्हता. आजोबांचा एखादा भाऊ गालाला गाठ येऊन, अन्न गिळता न येऊन गेलाही असेल, पण शिबिरात त्याचं नाव कुणी काढत नाही. जगलेल्यांचाच दाखला दिला जातो. आणि समजा आजोबांची जनुकं खरंच अभेद्य होती, तरी नातवाकडे त्यातली सरासरी एक चतुर्थांशच आली. कुठली चतुर्थांश, हे कुणी सांगावं?

शिवाय नातवाच्या पुडीत आजोबांची तंबाखू नाहीच. आजोबा पान आणि चुना मळत. नातू मावा खातो, गुटखा खातो, आणि विदर्भात असेल तर खर्रा. पानठेल्यावर पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना घालून जोरात घोटतात, ओलसर काळपट लगदा होतो, तीच पन्नी पिळून गिऱ्हाइकाच्या हातात. यात मुख्य माल सुपारी. नुसती सुपारीही माणसाला कर्करोग करते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये दिला, तरी आपल्याकडे ती अजून सोज्वळ मानली जाते. पूजेत असते, लग्नात असते, लहान मुलांना सुगंधी पुडीतून मिळते. सुपारीतल्या अरेकोलिनमुळे अस्तराखालच्या पेशी जास्त तंतू विणू लागतात, आणि तिच्यातल्या तांब्यामुळे त्या तंतूंना पक्कं करणारं विकर चेकाळतं. गाल आतून चामड्यासारखा ताठ होतो, तिखट सोसत नाही, तोंड उघडेनासं होतं. १९५२ मध्ये केनियातल्या पाच भारतीय स्त्रियांत हा विकार प्रथम नोंदला गेला. त्यातून कर्करोग किती जणांना होतो? भारतातल्या ६६ रुग्णांवर सतरा वर्षं लक्ष ठेवलं तेव्हा प्रमाण ७.६ टक्के निघालं. तंतू विणणाऱ्या आणि मोडणाऱ्या जनुकांचे प्रकारही इथे तपासले गेले आहेत आणि काहींचा संबंध दिसतो, पण सुपारी न खाणाऱ्याला ते प्रकार असले काय आणि नसले काय. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे. ती कशी पाळली जाते हे प्रत्येक एसटी स्टँडच्या भिंती सांगतात.

हल्ली लाळ तपासून कर्करोगाचा जनुकीय धोका सांगणाऱ्या चाचण्या विकत मिळतात. निरोगी माणसाने तोंडाच्या कर्करोगासाठी त्यावर पैसे घालवू नयेत, असं मी स्पष्टच म्हणेन. 'धोका जास्त' असा अहवाल आला तरी सल्ला एकच, तंबाखू-सुपारी सोडा. 'धोका कमी' आला तर तो अहवाल खिशात ठेवून माणूस पानठेल्यावर जाईल. कागदावरचे आजोबाच ते.

या ज्ञानाचा खरा उपयोग दुसरीकडे आहे. पांढरा चट्टा किंवा ताठरलेला गाल घेऊन दवाखान्यात आलेल्या शंभर जणांपैकी मोजक्याच लोकांना पुढे कर्करोग होतो. त्यांपैकी कुणाला तीन महिन्यांनी बोलवायचं आणि कुणाला वर्षाने, हे आज डॉक्टर चट्ट्याच्या रूपावरून आणि सूक्ष्मदर्शकातून ठरवतात. एकदा कर्करोग होऊन बरा झालेल्या माणसाच्या तोंडात दुसऱ्या जागी नवा कर्करोग उगवतो, तेही सगळ्यांच्याच बाबतीत नाही. तंबाखूने सगळं अस्तरच नासवलेलं असतं, ही कल्पना १९५३ पासून मांडली गेलेली आहे. अनेक जनुकांचे छोटे छोटे धोके मिळवून एक गुणांक काढला आणि त्याला सवयीच्या वर्षांची जोड दिली, तर अशा लोकांवर नजर ठेवायला मदत होईल. तो गुणांक भारतीय लोकांवरून काढलेला असला पाहिजे, युरोपातला उसना आणून इथे चालणार नाही.

तोपर्यंत हाताशी असलेलं साधन स्वस्त आहे आणि ते कसोटीला उतरलेलं आहे. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या तेरा पंचायतींत १९९६ पासून प्रशिक्षित आरोग्यसेवक टॉर्च घेऊन घरोघर फिरले आणि पस्तिशीवरच्या लोकांची तोंडं ठराविक वर्षांनी तपासत राहिले. ना रक्त, ना यंत्र. २००५ मध्ये निकाल आला: तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू तपासणी न झालेल्या गावांच्या तुलनेत ३४ टक्क्यांनी कमी झाले होते. आपल्याकडेही तिशीच्या पुढच्यांसाठी सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत आहे. दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, बोटाने न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, तिखटाची आग, एकावर एक ठेवलेली तीन बोटं दातांमध्ये मावेनाशी होणं, यातलं काहीही असेल तर थांबू नये. तपासणाऱ्याला बार कुठल्या बाजूला धरता तेही सांगावं, म्हणजे ती बाजू तो जास्त बारकाईने पाहील.